अंडाकार चेंडूची फेक

प्रस्तावना

लगोरीसाठी चेंडू किंवा चिंचा पाडण्यासाठी दगड कधीच फेकला नाही, असा माणूस विरळा. फेकणे ही इतकी नित्याची क्रिया आहे, की ती शिकावी लागते असे कोणाला वाटत नाही. परंतु चेंडूचा आकार बदलला, की हाताची जुनी सवय अपुरी पडते आणि तरबेज माणूसही पुन्हा विद्यार्थी होतो. अमेरिकन फुटबॉल या खेळातील दोन्ही टोकांना निमुळता असलेला चेंडू असाच शिकायला लावणारा आहे. त्याचा इतिहास, तो फेकण्याची रीत आणि त्यामागील विज्ञान यांची ओळख प्रस्तुत पाठात करून दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• अंडाकार चेंडूच्या खेळाचा भारताशी आलेला संबंध सांगता येईल;
• एखाद्या कृतीचे टप्पे योग्य क्रमाने लिहिता येतील;
• चेंडूला फिरकी का द्यावी लागते, हे स्पष्ट करता येईल;
• चुकीवरून तिचे कारण शोधण्याचे महत्त्व सांगता येईल.

मूळ पाठ

१. हुगळीच्या वाटेने

कोलकात्याच्या नैर्ऋत्येला, हुगळी नदीच्या पूर्व काठावर बजबज हे शहर वसले आहे. तागाच्या गिरण्या आणि तेलाची कोठारे यांसाठी ते ओळखले जाते. समुद्राकडून कोलकाता बंदराकडे जाणारे जहाज बजबजवरूनच पुढे जाते. बंगालमध्ये सर्वत्र फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा गोल चेंडू, असाच अर्थ घेतला जातो. तथापि हातात धरून खेळायचा लांबट चेंडूही बंगालला फार पूर्वी परिचित झाला होता. इंग्रज व्यापारी आणि सैनिक यांच्याबरोबर रग्बी हा खेळ कोलकात्यात आला. २५ डिसेंबर १८७२ रोजी तेथे रग्बीचा सामना झाला. एका बाजूला इंग्लंडचे वीस आणि दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, आयर्लंड व वेल्स यांचे मिळून वीस गडी होते. पुढच्याच वर्षी कलकत्ता फुटबॉल क्लब स्थापन झाला. काही वर्षांनी सदस्य घटले आणि क्लब बंद करण्याची वेळ आली. तेव्हा सदस्यांनी क्लबच्या खात्यातील चांदीचे रुपये काढून आणले, ते वितळवले आणि त्यांचा एक चषक घडवला. नागाच्या आकाराच्या तीन मुठी आणि झाकणावर हत्ती असलेला हा ‘कलकत्ता कप’ १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यातील सामन्यासाठी ठेवला जातो. क्लब संपला, त्याचे नाव मात्र राहिले.

रग्बीत हाताने चेंडू पुढे फेकण्यास मनाई असते. तो बाजूला किंवा मागेच द्यावा लागतो. रग्बीतूनच विकसित झालेल्या अमेरिकन फुटबॉलमध्येही आरंभी हाच नियम होता. त्यामुळे गडी एकमेकांवर घोळक्याने तुटून पडत आणि जीवघेण्या दुखापती होत. खेळ मोकळा व्हावा म्हणून १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकण्याची मुभा देण्यात आली. त्यानंतर फेकीस सोयीचा व्हावा म्हणून चेंडूही हळूहळू अधिक निमुळता करण्यात आला. आजचा चेंडू सुमारे २८ सेंटिमीटर लांब आणि सुमारे ४०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूच्या अडीचपट जड असतो. तो फेकणाऱ्या प्रमुख खेळाडूस ‘क्वार्टरबॅक’ म्हणतात.

२. फेकीची रीत

समजा, बजबजच्या मैदानावर गोल फुटबॉल खेळत वाढलेल्या एका तरुणाच्या हाती हा चेंडू प्रथमच आला. तो पूर्ण तळहात चेंडूला चिकटवेल आणि जोर लावून चेंडू भिरकावेल. चेंडू हवेत कोलांट्या खात जवळच पडेल. मग तो आणखी जोर लावील. चेंडू आणखी भरकटेल. येथे उणीव बळाची नसून क्रमाची असते.

पहिली गोष्ट पकड. चेंडूच्या एका बाजूस जाड शिवण असते. उजव्या हाताने फेकणाऱ्याने अनामिका व करंगळी शिवणीवर टेकवावी, तर्जनी चेंडूच्या मागच्या टोकाजवळ ठेवावी आणि अंगठा खालून आधारास द्यावा. चेंडू बोटांनी धरावा. तळहात आणि चेंडू यांत थोडी पोकळी राहावी. आवळून धरलेला चेंडू हातातून सुरळीत सुटत नाही.

दुसरी गोष्ट उभे राहणे. पाय खांद्यांइतके अंतर ठेवून फाकवावेत आणि डावा खांदा लक्ष्याकडे करावा. चेंडू दोन्ही हातांनी छातीजवळ धरावा, मग उजव्या हाताने कानाच्या उंचीपर्यंत मागे न्यावा.

तिसरी गोष्ट प्रत्यक्ष फेक. डावा पाय लक्ष्याच्या दिशेने टाकावा. प्रथम कंबर वळते, मग खांदा, त्यामागून कोपर आणि सर्वांत शेवटी मनगट. आसुडाच्या मुठीपाशी केलेली हालचाल जशी वाढत वाढत टोकाशी पोचते, तसेच जमिनीवर रोवलेल्या पायाचे बळ या मार्गाने बोटांपर्यंत पोचते. केवळ हाताने फेकणारा लवकर थकतो आणि खांदा दुखावून घेतो.

चौथी गोष्ट चेंडू सोडणे. चेंडू सुटताना बोटे शिवणीवरून घसरतात आणि तर्जनी शेवटी सुटते. त्यामुळे चेंडूला फिरकी मिळते. फेकीनंतर हात एकदम थांबवू नये. अंगठा खाली वळवून तो डाव्या कमरेकडे सहज जाऊ द्यावा.

आरंभी एक गुडघा टेकून पाच-सात मीटरवरील सोबत्याकडे चेंडू फेकावा. पाय स्थिर राहिल्याने हाताच्या चुका स्पष्ट दिसतात. चेंडू डगमगला, तर पकड तपासावी. चेंडू खाली आदळला, तर तो उशिरा सुटला. डोक्यावरून गेला, तर लवकर सुटला असे समजावे. फेक स्थिर झाल्यावरच अंतर वाढवावे. अखेरीस धावणाऱ्या सोबत्याकडे फेकण्याचा सराव करावा. तेव्हा तो जेथे आहे तेथे नव्हे, तर जेथे पोचणार आहे तेथे चेंडू टाकावा लागतो.

३. भोवरा आणि चेंडू

न फिरणारा भोवरा आरीवर उभा राहत नाही. फिरू लागताच तो तोल सावरतो. वेगाने फिरणारी वस्तू आपल्या अक्षाची दिशा सहजासहजी सोडत नाही. चेंडूचेही तसेच आहे. कसलेल्या खेळाडूच्या हातून सुटलेला चेंडू सेकंदाला सुमारे दहा फेरे घेतो. तो हवेला टोकाने भेदत जातो, म्हणून त्याला होणारा विरोध कमी राहतो. कोलांट्या खाणाऱ्या चेंडूला हवा रुंद बाजूने अडवते आणि त्याचा वेग झपाट्याने कमी होतो.

येथे एक कोडे उद्भवते. अक्ष दिशा सोडत नसेल, तर वर रोखून फेकलेल्या चेंडूचे टोक उतरतानाही वरच राहायला हवे. प्रत्यक्षात ते मार्गाबरोबर खाली वळते. अमेरिकेतील तीन भौतिकशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये या कोड्याची सोपी उकल मांडली. हवेचा दाब चेंडूचे टोक ढकलू पाहतो. परंतु फिरकीमुळे ते ढकलले न जाता मार्गाभोवती लहानसे वर्तुळ काढते, जसा भोवरा डुलताना काढतो. मार्ग खाली वळतो, तसे टोकही त्याच्याभोवती डुलत खाली वळते.

४. उशिरा शिकणारे

२०११ मध्ये भारतात ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’ ही स्पर्धा स्थापन झाली. ती फार काळ टिकली नाही. पण २०१२ च्या पहिल्या हंगामात कोलंबो येथे सामने झाले आणि अंतिम सामन्यात ‘पुणे मराठाज’ संघाने ‘दिल्ली डिफेंडर्स’चा पराभव केला. त्यांतील बहुतेक खेळाडू हा खेळ वाढत्या वयात नव्हे, तर तरुणपणी नव्याने शिकले होते.

या स्पर्धेला आर्थिक पाठबळ देणाऱ्यांत कर्ट वॉर्नर हा अमेरिकन खेळाडू होता. १९९४ मध्ये त्याला व्यावसायिक संघात जागा मिळाली नाही. तेव्हा तो आयोवा राज्यातील एका किराणा भांडारात ताशी साडेपाच डॉलर मजुरीवर रात्री फळ्यांवर माल लावीत असे. त्याने फेकीचा सराव सोडला नाही. आधी लहान स्पर्धा, मग युरोपातील संघ अशा पायऱ्या चढत ३० जानेवारी २००० रोजी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने आपल्या संघाला अमेरिकेतील सर्वोच्च सामना जिंकून दिला. सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्यालाच मिळाला.

बजबजच्या तरुणाचा पहिला चेंडू भरकटला, म्हणून तो खेळाडू होण्यास अपात्र ठरत नाही. पकड, पाय, कंबर, मनगट यांपैकी काय चुकले, हे त्याने शोधले, तर तोच चेंडू त्याचा शिक्षक होतो.

शब्दार्थ

विरळा – क्वचित आढळणारा. अनामिका – करंगळीशेजारचे बोट. तर्जनी – अंगठ्याशेजारचे बोट. आसूड – चाबूक. आरी – भोवऱ्याचे खालचे अणकुचीदार टोक. उकल – उलगडा.

पाठगत प्रश्न

योग्य शब्द लिहून वाक्ये पूर्ण करा.
(अ) ‘कलकत्ता कप’ …… वितळवून घडवला गेला.
(आ) चेंडू सुटताना …… हे बोट शेवटी सुटते.
(इ) चेंडू डोक्यावरून गेला, तर तो …… सुटला असे समजावे.

भाषाभ्यास

‘प्रथम कंबर वळते, मग खांदा, त्यामागून कोपर आणि सर्वांत शेवटी मनगट.’ या वाक्यातील प्रथम, मग, त्यामागून, सर्वांत शेवटी हे शब्द कृतीचा क्रम दाखवतात. असे शब्द वापरून तुमच्या व्यवसायातील एखाद्या कृतीचे वर्णन पाच वाक्यांत लिहा.

पाठान्त प्रश्न

१. ‘येथे उणीव बळाची नसून क्रमाची असते’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. चेंडू आणि भोवरा यांतील साम्य तुमच्या शब्दांत सांगा.
३. तुम्ही उशिरा शिकलेल्या एखाद्या कौशल्याविषयी, त्यात झालेल्या चुकांसह, दहा ओळी लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

(अ) चांदीचे रुपये (आ) तर्जनी (इ) लवकर