रविवारची सुट्टी

मांजरा नदीच्या काठी वसलेल्या कळंब गावात रविवारी शाळेची घंटा वाजत नाही. मुले त्या दिवशी घरकामाला हात लावतात, शेतात जातात, मनसोक्त खेळतात. रविवारी सुट्टी असायचीच, असे त्यांना वाटते. परंतु एके काळी मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या त्यांच्याएवढ्या मुलांना असा रविवार ठाऊक नव्हता. तो मिळवून देण्यासाठी एका मराठी माणसाने वर्षानुवर्षे झटून प्रयत्न केले. त्यांचे नाव नारायण मेघाजी लोखंडे.

यंत्रयुग आले तेव्हा कापड स्वस्त झाले. पण मजुरांचे हाल सुरू झाले. अमेरिकेत सॅम्युएल स्लेटर याने १७९० साली पाण्याच्या शक्तीवर चालणारी सूतगिरणी काढली. तिचे पहिले मजूर म्हणजे सात ते बारा वर्षांची मुले होती! पुढे लॉवेल शहराच्या गिरण्यांत खेड्यांतील तरुण मुली रोज बारा-तेरा तास राबू लागल्या. कामाचा दिवस दहा तासांचा असावा, ही मागणी त्यांनी धीटपणे केली. सारा बॅग्ली हिने १८४५ साली कायदेमंडळाच्या समितीपुढे साक्ष दिली. तरीही त्या प्रांतात स्त्रिया व मुले यांच्यासाठी तसा कायदा होण्यास १८७४ साल उजाडले.

मुंबईत कावसजी दावर यांची पहिली कापूसगिरणी १८५६ साली चालू झाली. तिच्यामागून अनेक गिरण्या उभ्या राहिल्या. पोटासाठी कोकणातून व देशावरून माणसे मुंबईस आली. पहाटे भोंगा वाजला की ती गिरणीत शिरत आणि अंधार पडल्यावर बाहेर येत. यंत्राला वेळच्या वेळी तेल मिळे; माणसाला मात्र विसावा नसे.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे झाला. गिरणीत नोकरी करताना त्यांनी हे हाल जवळून पाहिले. महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते होते. अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना फुले यांनी १८७३ साली आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केले होते. दूरदेशीच्या माणसाचे दुःखही आपलेच, ही शिकवण लोखंडे यांना अशा गुरूकडून मिळाली. १८८० पासून 'दीनबंधु' पत्रातून ते कामगारांची गाऱ्हाणी मांडू लागले.

सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मजुरांच्या सभा भरवल्या. रविवारी सुट्टी असावी, दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी, पगार वेळेवर व्हावा आणि काम करताना इजा झाल्यास भरपाई मिळावी, अशा मागण्या ठरल्या. सुमारे साडेपाच हजार मजुरांनी त्या अर्जास संमती दिली. तथापि मालकांनी दाद दिली नाही. लोखंडे खचले नाहीत. सहा वर्षांनी, २४ एप्रिल १८९० रोजी, महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार मजूर जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली. पुढील वर्षी सरकारनेही तसा कायदा केला.

१८९७ साली प्लेगच्या साथीत लोखंडे यांचा अंत झाला. दगडफेक नाही, मारामारी नाही. सभा, अर्ज आणि लेखणी एवढ्याच साधनांनी त्यांनी हे कार्य साधले. विसावा ही कोणी केलेली मेहेरबानी नव्हे, तो श्रमणाऱ्याचा हक्क आहे, हे त्यांनी दाखवून दिले. आजही कित्येकांना तो मिळत नाही, याची आठवण आपण रविवारी अवश्य ठेवावी.

स्वाध्याय

१. लोखंडे यांनी १८८४ साली कोणत्या मागण्या केल्या?
२. लॉवेलच्या मुली व मुंबईचे मजूर यांच्या स्थितीत कोणते साम्य होते?
३. वाक्यांत उपयोग करा : दाद देणे, खचणे, झटणे.
४. तुमच्या गावात रविवारीही कोणाकोणाला काम करावे लागते, याची माहिती मिळवा व पाच ओळी लिहा.