विंडोज सी वर, काम डी वर

माझं काम डीटीपीचं. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका, अधूनमधून एखादा दिवाळी अंक. या धंद्यात जुन्या फाइली हीच पुंजी असते. गेल्या वर्षीचा अहवाल उघडला, आकडे बदलले, की निम्मं काम होतं. म्हणून आमच्या सेंटरमध्ये ऐन लगीनसराईत जे घडलं ते सांगावंसं वाटतं.

अपडेट चालू असताना वीज गेली आणि त्यानंतर आमच्या दोन्ही कॉम्प्युटरांवर विंडोज सुरूच होईना. दुरुस्तीवाल्याने बरीच खटपट केली आणि शेवटी दोन्हींवर विंडोज नव्याने टाकलं. एका मशीनला दुकानातून आला तसा एकच सी ड्राइव्ह होता. फॉरमॅट झाल्यावर त्यातलं एकही काम उरलं नाही. दुसऱ्याची डिस्क सी आणि डी अशी विभागलेली होती. तिथे फक्त सी फॉरमॅट झाला, डी मधलं सगळं जागच्या जागी सापडलं.

पण त्या दुसऱ्या मशीननेही आम्हाला धडा दिला. डी वरच्या फाइली उघडल्या, तर मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. जुने, युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरात, म्हणजे सी वरच होते. ते पुसले गेले होते. डेस्कटॉपवर ठेवलेल्या चालू पत्रिकाही गेल्या, कारण डेस्कटॉपही सी वरच असतो. पार्टिशन ही भिंत आहे. कोणती वस्तू भिंतीच्या कोणत्या बाजूला ठेवली आहे, हे माहीत नसेल तर ती भिंत उपयोगी पडत नाही.

आता हे करायचं कसं, ते सांगतो.

सगळ्यात आधी, डिस्कला हात लावण्यापूर्वी, महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा. बऱ्याच नव्या मशीनमध्ये डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असते. तिची ४८ अंकी रिकव्हरी की आधी शोधून कागदावर लिहून घ्या आणि काम होईपर्यंत बिटलॉकर तात्पुरतं थांबवा.

मग स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. तिथे सी शिवाय काही छोटी पार्टिशन्स दिसतील: एक ईएफआयचं, एक रिकव्हरीचं. कॉम्प्युटर सुरू होणं आणि दुरुस्त होणं त्यांच्यावर अवलंबून असतं. जागा वाचवायला ती काढू नका. सी वर राइट क्लिक करून ‘श्रिंक व्हॉल्यूम’ निवडा. आकडा एमबीत द्यायचा असतो. २०० जीबी हवे असतील तर २०४८००. रिकामी झालेली जागा काळ्या पट्टीने दिसते. तिच्यावर ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ घेतलं की डी तयार. सी मध्ये जागा असूनही श्रिंक होत नसेल, तर हायबरनेशन आणि पेजफाइलसारख्या न हलणाऱ्या फाइली आड येत असतात.

सी ला जागा देताना हात आखडू नका. विंडोज ११ ची किमान अट ६४ जीबीची आहे, पण तेवढ्यात रोजचं काम होत नाही. ५१२ जीबीची डिस्क विंडोजमध्ये साधारण ४७६ जीबी दिसते. त्यातले १५० ते २०० सी ला द्यावेत, असं मी सगळ्यांना सांगतो. सी पुढे वाढवायचा झाला तर त्याला लागूनच मोकळी जागा लागते, आणि तिथे तर डी बसलेला असतो.

डी तयार झाला की खरं काम सुरू होतं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स या फोल्डरांच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लोकेशन’ असतं. तिथून त्यांना डी वर हलवा. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा आणि आउटलुकची मेल फाइल कुठे साठते ते तपासा. फॉन्टची एक प्रत डी वर ठेवा. सॉफ्टवेअर मात्र डी वर टाकून काही वाचत नाही. त्याच्या नोंदी सी वरच्या रजिस्ट्रीत असतात, त्यामुळे विंडोज नवं टाकलं की तेही पुन्हा टाकावं लागतं.

पुढे कधी विंडोज नव्याने टाकायची वेळ आली, तर दुरुस्तीवाल्याच्या शेजारी बसा. सेटअपच्या यादीत पार्टिशनांना क्रमांक असतात, सी-डी ही अक्षरं दिसतीलच असं नाही. म्हणून दोन्हींचे आकार आधी लिहून ठेवा आणि आकारावरून ओळखा. तरीही डी फॉरमॅट झालाच, तर त्यावर नवं काहीही साठवू नका. साध्या हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅटनंतरही मजकूर बराचसा जागेवर असतो आणि फोटोरेकसारख्या मोफत साधनाने परत मिळू शकतो. एसएसडीवर ट्रिममुळे ही आशा फार कमी.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन नावं आहेत. डिस्क मेली की दोन्ही जातात, मशीन चोरीला गेलं की दोन्ही जातात, खंडणीखोर व्हायरस दोन्हींना कुलूप लावतो. विंडोज बिघडलं तर पार्टिशन वाचवेल, बाकी संकटांत वाचवेल ती बाहेरच्या डिस्कवरची प्रत. ती दर आठवड्याला घ्या, घेऊन झाली की डिस्क काढून ठेवा, आणि अधूनमधून त्यातली एखादी फाइल उघडून बघा. उघडली, तरच ती प्रत खरी.