हंगाम थोडा, आयुष्य मोठे

खेळाडूची कमाई म्हणजे केवळ छानछोकी, असा आपला समज असतो. आज अमेरिकेतील एका खेळाडूचा हिशेब पाहू. हाताच्या हुनरावर जगणाऱ्याने तो जरूर समजून घ्यावा.

ब्रँडन कोपलँड हा अमेरिकन फुटबॉलमधील माजी लाइनबॅकर. या खेळात प्रत्येक संघाचे अकरा गडी मैदानात असतात. लाइनबॅकर बचावाच्या पहिल्या फळीमागे उभा राहतो आणि चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून खाली पाडतो. काम अंगमेहनतीचे, दुखापतीचे. करार काही वर्षांचा असला तरी बहुतेकांना त्यातील सगळ्या रकमेची हमी नसते. संघाने काढले की पुढचा बराचसा पैसा बुडाला.

कोपलँड पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हार्टन या नामांकित व्यापारी महाविद्यालयात शिकला. २०१३ च्या खेळाडू निवडीत कोणत्याही संघाने त्याचे नाव घेतले नाही. नंतर बाल्टिमोरने घेतले, पण मुख्य संघात ठेवले नाही. टेनेसीतही जम बसला नाही. २०१५ मध्ये डेट्रॉइटने संधी दिली, तेव्हा कुठे तो सामन्यांत उतरला. २०१७ मध्ये छातीचा स्नायू फाटला आणि अख्खा हंगाम वाया गेला. पुढच्याच वर्षी तो न्यूयॉर्क जेट्सकडून पुन्हा खेळला.

इतक्या धक्क्यांत तो आर्थिकदृष्ट्या कसा तगला? पगार वाढला तरी त्याने घरखर्च वाढू दिला नाही. कमाईचा लहान हिस्सा खर्चाला, उरलेला बचतीला आणि गुंतवणुकीला. खेळ बंद असे त्या महिन्यांत त्याने वित्तीय कंपनीत काम केले. पत्नीच्या जोडीने जुनी घरे घेऊन, दुरुस्त करून विकली. २०१९ मध्ये तर आपल्याच विद्यापीठात तो विद्यार्थ्यांना पैशाचे व्यवहार शिकवू लागला.

आपल्या कामातही डोळे आणि हात कायम साथ देत नाहीत. शिलाई असो, जरीकाम असो की सुतारकाम, तेजीचे दिवस मोजकेच. म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. गल्ल्यातील पैसा आणि घरखर्चाचा पैसा वेगळा ठेवावा. तेजीच्या कमाईवर मंदीचे महिने आधीच बाजूला काढावेत. आणि पहिले काम जोरात चालू असतानाच दुसरे शिकून घ्यावे. काम सुटल्यावर शिकायला ना सवड मिळते, ना भांडवल उरते.