आपली ओटी

पाहुणा आपल्या घरी आला की सगळ्यांत आधी कुठे थांबतो? ओटीवर. चुलीपाशी नाही, देवापाशी नाही. कोणी ओटी म्हणतो, कोणी ओसरी, कोणी पडवी. नव्या सिमेंटच्या घरात ती दारामागची चिंचोळी बोळ झाली आहे. नाव कोणतेही असो, काम एकच. बाहेरच्याला आत घ्यायचे आणि आतल्याला बाहेर जाऊ द्यायचे.

देवळातसुद्धा हीच रीत आहे. अंबरनाथचे शिवाचे देऊळ शके ९८२ चे, म्हणजे सन १०६० चे. तिथे आधी खांबांची देवडी लागते, मग मंडप, आणि मग पायऱ्या उतरून गाभारा. एकदम गाभाऱ्यात कोणी जात नाही.

आता चामटोलीकडे वळू. बदलापूर आणि वांगणी या दोन स्टेशनांच्या मधे हे गाव आहे. उल्हास नदी जवळ. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस इथेच पुराच्या पाण्यात अडकली. गाडीत हजारावर माणसे. त्यांत नऊ बाया गरोदर होत्या. रात्रभर चहूकडे पाणी. दुसऱ्या दिवशी आपत्ती दलाचे जवान आणि नौदलाचे लोक होड्या घेऊन आले, आणि सगळी माणसे सुखरूप बाहेर निघाली. गावचे लोकही मदतीला धावले होते.

त्या दिवसाची आठवण झाली की आम्हाला एक प्रश्न पडतो. असा भिजलेला, अनोळखी माणूस आज आपल्या दारात उभा राहिला तर त्याला टेकायला ओटीवर जागा आहे का? आपल्या घरी जाऊन नीट पहा. एका कोपऱ्यात भाताची पोती. दुसऱ्यात मोटारसायकल. मधे मोडकी खुर्ची, फाटकी छत्री, खताची रिकामी गोणी. माणसाने उभे कुठे राहावे?

म्हणून ओटी सजवायची तर आधी ती रिकामी करा. विकत काही आणू नका. उलट बाहेर काढा. एका दिवसात जे निघेल ते अंगणात ठेवा आणि प्रत्येक वस्तूला विचारा, बाई, तुझे इथे काय काम? उत्तर आले नाही तर ती भंगारवाल्याची.

ज्या वस्तू लागतात त्या भिंतीवर चढवा. कोयता, विळा, दोरखंड, छत्री यांना खुंट्या. कोयता आणि विळा मात्र लहान मुलाचा हात पोचणार नाही इतक्या उंच. आणि कागद? रेशनकार्ड, सातबारा, घरपट्टीची पावती, मुलांचे दाखले? ते तर सगळ्यांत वर, फळीवर, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून. हे आम्ही सोसून शिकलो. आमच्या घरी कागदांची पेटी ओटीवरच्या बाकाखाली असे. २६ जुलै २००५ ला पाऊस कोसळला. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. उल्हासचे पाणी बदलापुरात शिरले. आमच्या ओटीवर पाणी गुडघ्याएवढे होते, पण पेटीला तेवढे पुरे झाले. पाणी ओसरल्यावर उघडली तर आत लगदा. पुढे एकेका दाखल्यासाठी किती खेटे घातले ते सांगत बसत नाही.

आता भिंती. महागडा तेलाचा रंग हवाच असे नाही. चुना स्वस्त आणि चांगला. चुनकळी पाण्यात टाकली की ती उकळते आणि वाफा निघतात. म्हणून मुलांना दूर ठेवा, भांडे पत्र्याचे घ्या, चेहरा लांब ठेवा. डोळ्यात चुना उडाला तर चोळू नका. पुष्कळ पाण्याने बराच वेळ डोळा धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. चुना निवला की फडक्यातून गाळा. थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ घाला. पातळ ताकासारखा झाला की भिंत आधी ओली करा आणि मग हात द्या. एक हात वाळला की दुसरा. ओटी एवढी उजळते की दिवसा दिवा लावावा लागत नाही.

कुडाची किंवा मातीची भिंत असेल तर सारवून गेरू द्या. गेरूवर तांदळाच्या पिठाने काय काय काढता येते, ते आपल्या वारली बायांना विचारा. लग्नाचा चौक त्याच तर काढत आल्या. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती चित्रे कागदावर आणली आणि देशोदेशी पोचवली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गंजाड तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. एक ध्यानात ठेवा. पिठाचे चित्र पावसाच्या शिंतोड्यांनी जाते. ते आतल्या भिंतीवर काढा.

बसायला काय हवे? एक लांब बाक पुरे. घरात झोपाळा असेल तर उत्तमच. पण त्याच्या कड्या आणि आढे दर पावसाळ्याआधी तपासा. बाकाशेजारी घडवंची, तिच्यावर झाकलेला माठ, आणि ओगराळे. पाणी उघडे ठेवू नका. दारापाशी पायपुसणे. चपला ओळीने, ढीग नको. पावसाळ्यात अंधाऱ्या ढिगात विंचू लपतो, कधी साप येतो. म्हणून चप्पल झटकल्याशिवाय घालू नये.

दिवा आणि त्याचे बटण दाराशेजारीच हवे. अंधारात भिंत चाचपत जाणे बरे नव्हे. पुष्कळ घरांत विजेचा मीटर आणि मुख्य बटण ओटीवरच असते. त्या तारांवर ओले कपडे टाकलेले आम्ही पाहिले आहेत. तसे कधी करू नका. पुराचे पाणी चढू लागले, की ते घरात शिरण्याच्या आधी, हात कोरडे असताना, मुख्य बटण बंद करा. एकदा पाण्यात उभे राहिलात तर बटणाला हात लावू नका.

बाकाविषयी आणखी एक सांगायचे आहे. पूर्वी ओटीवर कोणी बसायचे आणि कोणी अंगणात उभे राहायचे, हे जात पाहून ठरे. काहींना पाणी वरून ओंजळीत घालीत. २६ जानेवारी १९५० ला आपली राज्यघटना लागू झाली. तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता बंद केली. कायद्याने बंद झाली खरी. आपल्या ओटीवर ती बंद झाली की नाही, हे बाक आणि भांडे पाहून कळते. एकच बाक, एकच भांडे. कोपऱ्यातल्या कोनाड्यात वेगळा पेला ठेवलेला असेल तर तो आजच काढा. चुना मग लावा.

आणि सुनेला सासऱ्यासमोर ओटीवर बसायचे नाही, ही रीतही किती दिवस ठेवायची? दिवसभर राबून आली तर वारा तिलाही हवा.

आता शेवटचे काम. हे ज्याचे त्याने करायचे. एक पाटी घ्या. लाकडाची फळी किंवा पत्र्याचा तुकडा चालेल. तिच्यावर घरातल्या पुरुषाचे नाव लिहा आणि त्याच्या शेजारी बाईचे. दोन्ही सारख्या अक्षरांत. आधी वहीत दहा वेळा गिरवा, मग रंगाने पाटीवर. अक्षर वाकडे आले तरी चालेल. घर आपले आहे.

ही पाटी दारावर लावा. दाराच्या आतल्या बाजूला, दिवा पडेल अशा जागी, दुसरी पाटी लावा. तिच्यावर दोन आकडे मोठे काढा: रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलीस आणि इतर तातडीच्या मदतीसाठी ११२. खाली आपल्या सरपंचांचा आणि गावच्या आशाताईंचा फोन नंबर लिहा. लिहून झाल्यावर घरातल्या लहान मुलाकडून तो एकदा मोठ्याने वाचून घ्या. चुकलेला आकडा तिथेच सापडेल.