बोर्डावर काय लिहू?

माझं फ्लेक्स आणि छपाईचं दुकान हिंजवडीत, शिवाजी चौकातून माणकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. 2011 साली टाकलं. नवा धंदा सुरू करणारा माणूस बऱ्याचदा आधी माझ्या दारात येतो. गाळ्याचं डिपॉझिट भरून हात मोकळा झालेला असतो आणि तो विचारतो, "बोर्डावर काय लिहू?" मेस, सलून, गॅरेज, पीजी, ब्लाउज शिवणाऱ्या ताई, लॅपटॉप दुरुस्तीवाले, सगळे आले. काही टिकले, काही सहा महिन्यांत शटर ओढून गावी गेले. जाहिरातीत वाया गेलेल्या पैशांतले काही माझ्याच गल्ल्यात आले, याचं मला वाईट वाटतं. म्हणून हे लिहितोय.

1. एकच गोष्ट सांगा, पण जी फक्त तुमच्याकडे मिळते ती.

फ्लेक्सचे पैसे स्क्वेअर फुटावर लागतात, शब्दांवर लागत नाहीत. त्यामुळे प्रत्येकाला वाटतं, आहे तेवढी जागा भरून घ्यावी. पोळी-भाजी केंद्र काढणाऱ्या एक ताई आल्या होत्या. नवरा आयटी पार्कच्या फेज दोनमध्ये सिक्युरिटीला. त्यांनी वहीच्या पानावर बावीस पदार्थ लिहून आणले होते. वर गणपती, खाली दोन फोन नंबर, कोपऱ्यात केकचा फोटो, 'वाढदिवस व बारशाच्या ऑर्डर स्वीकारल्या जातील'. म्हणाल्या, "दादा, सगळं लिहा, पैसे तेवढेच पडणार ना?"

मी विचारलं, "ताई, जास्त कोण येतं तुमच्याकडे?"

"रात्रीची पोरं. दहा वाजता सुटतात. तोवर मेस बंद झालेली असते."

मग मोठ्या अक्षरांत एवढंच लिहिलं: 'गरम पोळी-भाजी. रात्री 11 पर्यंत.' खाली एक फोन नंबर. त्यांना ते फार मोकळं वाटलं, आठ दिवस धाकधुकीत होत्या. महिन्याभरात पीजीतली पोरं त्यांना 'अकरावाल्या ताई' म्हणायला लागली. आता त्यांच्याकडे पोळ्या लाटायला दोघीजणी आहेत. बावीस पदार्थ आजही मिळतात, पण ते आत आल्यावर कळतं.

हिंजवडीत लाखो माणसं कामाला येतात, त्यातली शंभर तरी आपल्याकडे वळतील, हा हिशेब मी शेकडो वेळा ऐकलाय. कंपनीच्या बसमधून जाणारा माणूस तुमच्या दारात उतरत नाही. तुमचं गिऱ्हाईक दहा मिनिटं चालण्याच्या अंतरात राहतं. पीजीतला मुलगा, कॅबचा ड्रायव्हर, हाउसकीपिंगच्या बायका, समोरच्या सोसायटीतले आजी-आजोबा. यातलं एक माणूस डोळ्यांसमोर आणा आणि त्याच्याशी बोलल्यासारखं लिहा.

2. अक्षराची उंची मोजा.

आमच्या धंद्यातला ढोबळ हिशेब असा: दर दहा फुटांना एक इंच. रस्त्याच्या पलीकडून, म्हणजे साठ फुटांवरून वाचायचं असेल तर अक्षर निदान सहा इंच उंच हवं. शिवाजी चौकात संध्याकाळी गाड्या मुंगीच्या पावलानं सरकतात, तिथे दोन ओळी जास्त चालतील. फेज तीनच्या मोकळ्या रस्त्यावर बाइकवाल्याला चार शब्दांपुढे वाचता येत नाही. पिवळ्यावर काळं दिसतं. लालवर निळं लिहायचा हट्ट धरू नका.

3. पाटी मराठीतच करा, आणि मनापासून करा.

2022 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानालाही देवनागरीतली मराठी पाटी सक्तीची आहे आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मुंबईच्या दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. पण दंडाच्या भीतीने लिहिलेली मराठी लगेच ओळखू येते. 'हेअर सोल्युशन्स अँड ग्रूमिंग स्टुडिओ' असं देवनागरीत लिहून काय साधलं? 'केस कापणे, दाढी' लिहा, माणूस आत येतो. शेजारी इंग्रजी जरूर असू द्या, इथे देशभरातली मुलं राहतात.

विजेच्या खांबावर, झाडावर, पुलाच्या कठड्यावर विनापरवाना फ्लेक्स लावायची ऑर्डर मी घेत नाही. तो गुन्हा आहे, आणि आठ दिवसांत कुणीतरी काढून नेतो. पैसे गेले ते गेलेच.

4. छापण्याआधी स्वतः नंबर लावून बघा.

ही माझी चूक आहे. 2014 मध्ये एका गॅरेजवाल्याची दोन हजार पत्रकं छापली. प्रूफ त्याने मोबाइलवर पाहिलं, 'ओके' म्हणाला. पहाटे पेपरच्या गठ्ठ्यात घालून ती वाटलीही गेली. फोन नंबरात 6 च्या जागी 9 पडला होता. चार दिवस त्याचा फोन वाजला नाही, आणि मराठवाड्यातल्या कुण्या शेतकऱ्याला ब्रेक दुरुस्तीसाठी फोन जात राहिले. मी पत्रकं फुकट पुन्हा छापून दिली, पण पहिल्या रविवारचं गिऱ्हाईक परत आणता आलं नाही. तेव्हापासून प्रूफवरचा नंबर गिऱ्हाइकासमोर लावतो. त्याच्या खिशात रिंग वाजली की मगच मशीन सुरू.

5. गिऱ्हाइकाचा नंबर तुमच्या वहीत हवा, आणि तुमचा त्याच्या फोनमध्ये.

मार्च 2020 मध्ये कंपन्यांनी सगळ्यांना घरी पाठवलं आणि आठ दिवसांत रस्ते ओस पडले. बोर्ड होते तिथेच होते, वाचायला माणूस नव्हता. माझ्या ओळखीच्या दोन मेसपैकी एक तेव्हा कायमची बंद झाली. दुसरीच्या मालकाने चार वर्षं एका वहीत नाव, नंबर आणि राहण्याची जागा लिहून ठेवली होती. परवानगी मिळताच त्याने वाकड आणि मारुंजीच्या सोसायट्यांत गेटवर डबे पोचवायला सुरुवात केली. त्या वहीने त्याला तारलं.

व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट करत असाल तर लक्षात ठेवा, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. म्हणून पहिल्याच ऑर्डरला प्रेमानं सांगा, "दादा, नंबर सेव्ह करून ठेवा, उद्याचा मेनू टाकतो." आणि रोज सकाळी गुलाबाच्या फुलाचा फोटो पाठवू नका, लोक ब्लॉक करतात.

6. गूगल मॅपवर खूण बरोबर जागी आहे का, ते चालत जाऊन तपासा.

नोंदणी फुकट आहे. उघडण्या-मिटण्याची वेळ खरी टाका. गावाचं नाव इंग्रजीत कुणी 'हिंजवडी' असं लिहितं, कुणी 'हिंजेवाडी' असं, म्हणून दोन्ही प्रकारे शोधून तुमचं दुकान सापडतं का ते बघा. पाहुण्यांकडून गोळा केलेले पाच तारे घेऊ नका. एका आठवड्यात पन्नास जणांनी तेच वाक्य लिहिलेलं वाचणाऱ्याला कळतं. वाईट शेरा आला तर भांडू नका, चूक मान्य करा, काय बदललं ते लिहा. खाण्याचा धंदा असेल तर एफएसएसएआयचा 14 अंकी नंबर पत्रकावर टाकाच.

7. विकण्याआधी उपयोगाचं काहीतरी सांगा.

हे मी किर्लोस्करांकडून शिकलो. लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनतं असा शेतकऱ्यांचा समज होता. नुसतं 'घ्या, घ्या' म्हणून तो समज गेला नसता. 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' काढलं. कारखान्याच्या मालाची माहिती देणारं ते पत्र पुढे मराठीतलं मोठं मासिक झालं. लोकांनी ते वाचलं, कारण त्यात त्यांच्या कामाचं असायचं.

त्या गॅरेजवाल्याला मी हेच सुचवलं. तो आता दर मे महिन्याच्या शेवटी गिऱ्हाइकांना चार ओळी पाठवतो: पावसाआधी ब्रेक शू बघून घ्या, चेनला तेल द्या, टायरची नक्षी झिजली असेल तर बदला. 'माझ्याकडे या' असं त्यात कुठेही नाही. जून लागताच त्याच्या दारात रांग असते.

8. उद्घाटनाला अर्ध्या किमतीची ऑफर लावू नका.

एका सलूनसाठी मी 'पहिले 3 दिवस 50% सूट' असा फ्लेक्स केला. कारागीर दोन, पहिल्या दिवशी माणसं साठ. दोन-दोन तास बसून लोक वैतागले, घाईत कुणाचे कल्ले वर-खाली झाले. ते गिऱ्हाईक पूर्ण दर द्यायला परत कशाला येईल? पहिले पंधरा दिवस गाजावाजा न करता दुकान चालवा, हात बसू द्या, आणि मग बोलवा. तोवर शेजारच्या पीजीच्या मालकाला आणि सोसायटीच्या वॉचमनला तुमची चव, तुमचं काम दाखवा. नवा भाडेकरू सामान उतरवता उतरवता पहिला प्रश्न वॉचमनलाच विचारतो.

तुमचं दुकान सुरू असेल तर आज संध्याकाळी साडेसहाला एक करा. रस्ता ओलांडून पलीकडे उभे राहा, तुमचा बोर्ड वाचा आणि त्यावरचा नंबर लावा. नीट वाचता आला नाही तर माझ्याकडे या, नाहीतर तुमच्या जवळच्या पेंटरकडे जा. बोर्ड बदलून घ्या. अक्षरं कमी करून घ्यायला लाजू नका.