विमानाच्या धुराचं गणित

होस्टेलच्या गच्चीवरून विमानामागची पांढरी रेघ दिसली की कुणीतरी म्हणतंच, "बघ, धूर!" मित्रांनो, तो धूर नव्हे. इंजिनातली वाफ काजळीच्या कणांवर गोठून झालेला तो बर्फ. (पृथ्वीची उष्णता अडवायला तोही हातभार लावतो म्हणा.) खरा वायू दिसतच नाही.

आता आकडे घ्या. विमानाचं इंधन म्हणजे जवळपास केरोसीनच, त्यात वजनाने सुमारे ८६ टक्के कार्बन. कार्बनचा अणुभार १२, कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार ४४. म्हणजे १ किलो इंधनामागे साधारण ३.१५ किलो वायू! वजन वाढलं कसं? ऑक्सिजन हवेतला, टाकीतला नाही.

"मग बॅटरी लावा ना," फर्स्ट इयरवाले हमखास विचारतात. अरे, किलोभर इंधनात ४३ मेगाज्यूल, बॅटरीत जेमतेम १. शिवाय इंधन जळतं तसं विमान हलकं होतं. बॅटरी उतरेपर्यंत तेवढीच जड.

राहिलं जैवइंधन. मे २०२३ मध्ये पुणे-दिल्ली विमानात पुण्याच्याच प्राज कंपनीचं जैवइंधन मिसळलं होतं, फार तर १ टक्का. त्यातूनही वायू निघतोच, पण तो कार्बन पिकाने हवेतूनच घेतलेला असतो. पीक उसाचं असेल, तर पाण्याचा हिशोब वेगळा मांडायला हवा.