कूलरचे गवत कधी बदलावे?



होळी झाली की आपल्या भागात कूलर माळ्यावरून खाली उतरतो. कलबुर्गी, शहाबाद, चित्तापूरकडे पारा ४२-४३ अंशांवर जाणे नवे नाही. बीदर उंच पठारावर, म्हणून तिकडे थोडी सवलत मिळते इतकेच. एप्रिल-मेमध्ये कलबुर्गी विभागातील सरकारी कचेऱ्या सकाळी ८ ते दुपारी १.३० अशा चालवतात, ते काही हौसेने नव्हे. अशा दिवसांत "कूलर चालतो, पण गार होत नाही" ही तक्रार घरोघरी ऐकू येते. मोटारीला दोष देण्याआधी कूलरच्या तिन्ही बाजूंचे गवत पाहावे, असे आम्ही सुचवतो.

थंड देशांत घर उबदार ठेवणाऱ्या भट्टीला हवा गाळणारी चौकट असते. ती एक ते तीन महिन्यांनी बदलावी लागते, नाही तर धूळ साचून हवेची वाट अडते. परदेशी राहणाऱ्या आपल्या नातलगांना हे काम चांगले ठाऊक असेल. आपल्याकडे तेच स्थान कूलरच्या गवताचे आहे. फरक एवढाच की आपले गवत हवा गाळते आणि थंडही करते. बाजारात ज्याला 'गवत' म्हणतात ते खरे तर लाकडाचे लांब, पातळ तासलेले काप असतात. वाळ्याची ताटी त्याहून जुनी. अकबराच्या काळातील 'आईने अकबरी'त वाळ्याच्या ओल्या पडद्यांनी थंड केलेल्या खोल्यांचा उल्लेख आहे. तिसरा प्रकार मधाच्या पोळ्यासारख्या कागदी पॅडचा.

आता थोडे विज्ञान. प्रयोगशाळेतील दोन तापमापी घ्या. एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळा आणि दोन्ही पंख्यासमोर ठेवा. बाहेर ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असेल, तर ओला तापमापी सुमारे २३-२४ अंशांपर्यंत उतरतो. पाण्याची वाफ होताना ते उष्णता शोषून घेते, एका ग्रॅमला सुमारे ५८० कॅलरी. चांगला कूलर या १८ अंशांच्या फरकातला साधारण तीन चतुर्थांश गाठतो, म्हणजे २८-२९ अंशांची हवा देतो. पण गवत खाली बसले, वर चार बोटांची फट पडली की हवा सोपी वाट धरते. एक चतुर्थांश हवा कोरडीच आत आली तर मिश्रण ३१-३२ अंशांचे होते. शिवाय त्या फटीतून धूळही येते. तुरीच्या खळ्यांची धूळ, बीदरची तांबडी माती, सिमेंट कारखान्यांच्या बाजूची भुकटी, यांतले जाड कण ओले गवत अडवते. बारीक धूर मात्र अडत नाही. म्हणून घरात दमेकरी असेल तर कूलरवर फार विसंबू नये.

फट शोधायला वहीचा कागद पुरे. कूलर चालू करण्याआधी तीनही बाजूंच्या जाळ्या नीट बसवा, मग लांबूनच कागद जाळीवर टेकवा. हवेच्या ओढीने तो सगळीकडे सारखा चिकटला पाहिजे. कुठे घट्ट आणि कुठे सैल वाटला तर गवत विषम भरले आहे. याउलट ठासून भरले तर हवाच येत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

आपल्याकडे गवत लवकर खराब होते त्याचे कारण पाणी. शहाबाद, वाडी, सेडम हा चुनखडीचा पट्टा. शहाबादी फरशी तिथलीच, आणि विहिरी-बोअरचे पाणीही तसेच जड. गणित करून पाहा. खोलीतला मध्यम कूलर तासाला दहा लिटर पाणी उडवतो असे समजा. दिवसात आठ तास चालला तर ८० लिटर. लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार असतील तर दिवसाला ४० ग्रॅम, आठवड्यात २८० ग्रॅम. वाफ होते ती पाण्याची, क्षार मागेच राहतात, टाकीत आणि गवतावर. पांढरी खपली धरली की गवत पाणी शोषत नाही. गवत प्रत्येक मोसमाला नवे घालावे. खपली फार धरली तर मोसमाच्या मध्येही बदलावे. कागदी पॅड दोन-तीन वर्षे टिकते, मात्र पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून मऊ ब्रशने धुवावे. तारेचा ब्रश लावू नये.

म्हणून आठवड्याला एकदा टाकी पूर्ण रिकामी करावी. पाणीटंचाईत हे जड जाईल, हे आम्ही जाणतो. ते क्षारयुक्त पाणी तुळशीला नको, अंगणात सडा टाकायला चालेल. आठवड्याचा नेम ठेवण्यास आणखी एक कारण आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो ती टाकीच्या भिंतीला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, पण अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात. त्यामुळे पाणी ओतून देणे पुरेसे नाही. भिंती खरखरीत फडक्याने घासून पुसाव्यात.

ही कामे करताना प्लग काढलेलाच असावा. नुसते बटन बंद करणे पुरेसे नाही. पत्र्याचा कूलर, पाण्यात बुडालेला पंप आणि अनवाणी ओले पाय हा योग जिवावर बेतू शकतो. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन मोडून दोनच्या खोबणीत घुसवण्याची सवय घातक आहे. ती पिन अर्थिंगची असते आणि गळती झाली तर वीज जमिनीत नेते. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. शक्य असेल तर गळतीने आपोआप तुटणारा स्विच बसवावा. लहान मुलांना पाणी भरायला सांगू नये, असे पालकांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे. विश्वस्त मंडळींना विनंती, की शाळेतील कूलरच्या अर्थिंगची तपासणी मार्चमध्येच व्हावी आणि तिची नोंद शिपाईमामांजवळच्या वहीत ठेवावी.

कूलर खिडकीत, बाहेरची कोरडी हवा ओढेल असा ठेवावा आणि समोरची खिडकी किंचित उघडी असावी. खोली बंद केली तर तीच दमट हवा फिरते आणि तासाभरात अंग चिकचिकते. मृगाचा पाऊस लागला की पंप बंद करून पंखा तासभर चालवावा, गवत वाळवावे, टाकी पुसून कोरडी करावी आणि कूलर झाकून ठेवावा. जुने गवत मात्र माळ्यावर ठेवू नये, त्यात उंदीर घरटी करतात.